सात चुकांचं वेबपेज

४ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

उलटं चाललं की गुडघा बरा होतो असं इंटरनेटवर वाचून तुम्ही ऑपरेशन रद्द केलंत आणि रोज गच्चीवर शंभर पावलं उलटं चालता, असं आईकडून कळलं. शेजाऱ्यांच्या तीन कुंड्या फुटल्याचंही कळलं. फोनवर मी तोंड उघडलं की तुम्ही 'आवाज तुटतोय' म्हणून ठेवून देता, म्हणून लिहिते.

मामा, ते उलटं चालण्याचं वेबपेज मी केलंय! इंटरनेटवरचं काय खरं मानावं, हे मी आठवीला शिकवते. मुलांची परीक्षा घ्यायला मुद्दाम सात चुका पेरल्या होत्या. त्यातले 'जगप्रसिद्ध अस्थितज्ज्ञ' म्हणजे आमच्या शाळेचे माळीबुवा. मुलांनी अर्ध्या तासात भांडं फोडलं, आणि छापखान्यात छत्तीस वर्षं प्रुफं तपासलेले तुम्ही फसलात? आणखी सहा महिने काढलेत तर पाय सरळ होणार नाही, असं सर्जन म्हणालेत. उद्याच्या उद्या तारीख घ्या.

कळावे. रागवा, पण माया पातळ करू नका.
तुमची भाची

११ जून

चि. मास्तरीणबाईस,
अ. उ. आ.

पत्र पावलं, पण विश्वास कसा ठेवू? लिहिणारा कोण, त्याला त्यातलं काय कळतं, दुसरं कोणी तेच सांगतंय का, हे बघावं असं तूच शिकवतेस. इथे लिहिणारी तू. तुला हाडांतलं ओ की ठो कळत नाही. साक्षीदार तुझी आई, आणि तिच्या बातम्या दूधवाल्याकडून येतात. त्यापेक्षा माळीबुवा बरे. फोटोतला चेहरा तरी प्रेमळ आहे.

कुंड्या दोनच फुटल्या. बातमी तपासून लिहीत जावं.

आशीर्वाद भरपूर आहेत, अकलेचं तुझं तू बघ.
मामा

१६ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

वेबपेज काढून टाकलं. तुमचं पत्र वर्गात वाचून दाखवलं. सगळी पोरं खिदळली. एक मुलगी मात्र हसली नाही. ती म्हणाली, की आजोबा फसलेले नाहीत, घाबरलेत. इतके दिवस मी तुमची टिंगल करत होते आणि हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

मामा, खरं काय ते लिहा. भाचीवर जीव आहे ना, मग एवढं कराच.
तुमची भाची

२४ जून

चि. मास्तरीणबाईस,
अ. उ. आ.

त्या मुलीला पैकीच्या पैकी मार्क दे.

तुझ्या वेबपेजवर सात नाही, अकरा चुका होत्या. चार तुझ्या स्वतःच्या. पहिल्याच दिवशी पेन्सिलीने टिपून ठेवल्या, आणि मग गच्चीवर जाऊन उलटं चालायला लागलो. कारण डॉक्टर, तुझी आई, सगळे 'जा' म्हणत होते. 'जाऊ नका' म्हणणारं ते एकच होतं. खोटं आहे हे कळूनही मला ते हवं होतं. तुझी मामी दोन दिवसांसाठी म्हणून त्याच इस्पितळात गेली होती. मी बाहेरच्या बाकावर तिची चप्पल पिशवीत घेऊन बसलो होतो, आणि तीच पिशवी घेऊन एकटा घरी आलो. त्या पिशवीचं कोणाला सांगितलं नव्हतं.

सर्जनना तुझ्या मुलांसारखे उलटसुलट प्रश्न विचारले. बिचारे चिडले नाहीत. नऊ जुलै ठरलीय, सकाळी आठ वाजता.

त्या बाकावर कोणी बसलेलं असलं तर मला आत जायला जमेल. तू ये.

तुझ्या लोभाचा भुकेला,
मामा