पहिली पंगत बायकांची

आबा, त्या दिवशी तुम्ही कमरेला टॉवेल गुंडाळून तांबड्या रश्श्याची बादली हातात घेतलीत, तेव्हा माझं काळीज लक्कन हललं. अजून आठवलं की हलतं. राज्यपालपद सोडून तुम्ही कोल्हापूरला परत आलात त्याला महिनाही झाला नव्हता. मोटार गेली, सलाम गेले. आणि शिरोळची मंडळी माझ्या लग्नाची बोलणी करायला आली होती ती राज्यपालांची पोरगी म्हणून. मुलगा माझ्या मनात भरला होता. नकार येऊ नये, एवढंच देवाला सांगत होते.

पाट मांडले. पुरुषमंडळी हात धुऊन आली आणि तुम्ही खणखणीत आवाजात म्हणता, "पावणं, तुम्ही जरा ओसरीवर बसा. पहिली पंगत बायकांची." अगं बाई! मला वाटलं, चेष्टा करताय. पण तुम्ही आईला चुलीपासनं उठवून पाटावर बसवलंत, मलाही बसवलंत. मुलाचे वडील लालबुंद. "सायेब, ही कुठली रीत म्हणायची?"

"राजभवनात ही पाच वर्षं माझ्या शेजारी बसून जेवली," तुम्ही आईकडं बघून म्हणालात. "हितं आली की परत मागनं गार भाकरी? का म्हणून? पद माझं गेलंय, हिचं ताट कशाला जायला पायजे?"

आई मान वर करेना. मी भाकरी नुसतीच कुस्करत होते. बाहेर चपला वाजायला लागल्या, मी म्हटलं, झालं, आटोपला कारभार. तेवढ्यात माझ्या शेजारच्या पाटावर पदर तोंडाशी धरून बसलेली मुलाची आई वाटी पुढं करते. "आणि वाढा की, दादा." तुम्ही वाढलंत. तिनं भुरका मारला आणि ओसरीला ऐकू जाईल असं म्हणाली, "पोरगी हीच करायची. न्हायतर मी हितनं उठत न्हाय."

खरा धक्का पुढंच होता, आबा. लग्नानंतर पहिल्याच दुपारी त्याच बाईनं आधी पुरुषांची ताटं वाढली आणि मला चुलीजवळ थांबवलं. "ते तुज्या आबांचं घर हुतं, बाई," सासूबाई हळूच म्हणाल्या. "जन्मात तेवढं एकदाच गरम जेवले मी."

तुमच्यामागं त्याही गेल्या आता. रीत तीच आहे. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? पण सांगून टाकते. आज रस्सा उकळला, आणि पुरुष रानातनं यायच्या आधी मी पाट घेतला, वाढून घेतलं, गरमगरम जेवले. ताट धुऊन पालथं घातलंय. अजून कुणाला कळलेलं नाही.