‘पहाटतारा’ची अक्षरं

२२ जुलै २००२, सोम.
दुकानात दोन रिक्षांच्या नंबरप्लेटी, एका टेम्पोमागे ‘आईची कृपा’. सगळी रेडियमची कामं. ब्लेड बोटाला लागलं, थोडंसंच.
विजय घरीच. उजवा हात जास्त थरथरतोय. बशीतला चहा सांडला, मी पाहिलंच नाही असं दाखवलं. आमच्या लग्नाआधीपासून, बावीस वर्षं वसईतल्या पाट्या नि होड्या रंगवलेला हात. मी कापलेलं अक्षर दिसलं की म्हणतो, “स्टिकर तो शेवटी स्टिकरच.” मी पुढचं अक्षर कापायला घेते.

२४ जुलै
पाचूबंदरहून इनासकाका आले. होडीला नव्या फळ्या बसवल्यात, नाव परत घालायचंय. ‘पहाटतारा’. मूळ नाव वि.नेच रंगवलेलं.
“बाय, विजूच्याच हातचा पायजे.”
म्हटलं, त्याला आता ब्रश धरवत नाही. काका जायला उठले. मग, “जुनी फली ठेवलीय. जालायला नाय दिली.”
रात्रभर तेच डोक्यात.

२६ जुलै
बँकेत जाते असं सांगून पाचूबंदरला. जुन्या फळीवर ट्रेसिंग पेपर लावून अक्षरं उतरवली. रंगाला तडे गेलेत, वळणं शाबूत. ‘ह’चं पोट मोठं. ‘ट’ जरा मागे रेललेला. पेन्सिल फिरवताना त्याच्या बोटांवर बोटं ठेवल्यासारखं... काकूंनी पाणी आणून दिलं.

३० जुलै
पिवळं रेडियम. दोन ‘ह’ फुकट गेले. माझ्या हाताला सरळ रेघेची सवय, त्याची एक रेघ सरळ असेल तर शपथ.
संध्याकाळी वि. अचानक दुकानात. लपवायला वेळच मिळाला नाही.
“माझा ‘ह’ चोरलास?”
“उतरवून घेतला.”
“विचारलं नाहीस.”
“नाही म्हणाला असतास.”
छत्री न घेताच निघून गेला. चूक माझीच.

३१ जुलै
सकाळी त्याच्यासमोर अक्षरं ठेवली. “नको म्हण, आत्ता फाडते.”
पेपर वाचत राहिला. पान उलटलं. मग म्हणाला, “कोऱ्या लाकडावर नाही बसणार रेडियम. ऑइलपेंटचा हात दे आधी. दोन दिवस वाळू दे.”
मोरीत जाऊन रडून घेतलं.

४ ऑगस्ट, रवि.
दोघं गेलो. नशिबाने उघडीप. काकांनी रंगवून वाळवलेल्या फळीवर साबणाचं पाणी मारलं, अक्षरं ठेवली, रबरी पट्टीने पाणी काढलं. वि. मागून, “डावीकडे घे. अजून. बस्स.”
वरचा चिकटकागद सोलताना ‘रा’चा काना उचलला गेला. मी घाबरले. त्याने अंगठा टेकवला. अंगठा थरथरत होता, तरी काढला नाही. काना बसला.
काका लांब जाऊन बघून आले. “विजू, तुझाच हाय रे.”
वि. हसला. किती महिन्यांनी.

६ ऑगस्ट
आज स्वतःहून दुकानात. ट्रेसिंग पेपर मागितला, तासभर माझ्याकडे पाठ करून बसला. गेल्यावर पाहिलं: अ, आ, इ. सगळ्या रेघा थरथरलेल्या. ‘ई’ अर्धीच. कागद विसरला, की माझ्यासाठी ठेवला?
घरी त्याने विषय काढला नाही. मीही नाही. उद्या विचारते, रेघा सरळ करून कापू, की आहेत तशाच...