दहाच्या जागी सात

तळेगाव दाभाडे,
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

प्रिय दादास,

सारिकाचा नमस्कार. आमच्याकडे सगळे ठीक आहेत. देहूरोडला तू, सत्यम आणि सूनबाई बरे असाल.

परवा गावी जाऊन आले. वहिनीनं भात कापून घेतलं, खालच्या खाचराचं झोडूनही झालं. इंद्रायणीची लोंबी चांगली भरली होती, पण शेवटच्या पावसानं वरच्या खाचरातली लोळवली. म्हैस व्याली, रेडी झाली. वहिनी म्हणाली, "त्येंना सांगा, रेडीच्या कपाळावर चांद हाय." म्हणून सांगते.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. भाऊबीजेला ताट करून दुपारपर्यंत बसले होते. मग उठून स्टेशनवर गेले, तिकीटही काढलं. मधे दोनच स्टेशनं, घोरावाडी, बेगडेवाडी, की तुझं देहूरोड. पण गाडी आली तेव्हा बाकावरून उठवेना. तू मला घरात घेतलं असतंस, चहा दिला असतास, आणि मग मला बोलावं लागलं असतं.

सत्यमनं तुझा फोटो पाठवला होता. डोळे आता नीट उघडलेले दिसले, बरं वाटलं. मानेची कातडी अजून जाडच आहे ना? मलम दोन्ही वेळा लाव. खोलीच्या मागं मोकळं मैदान आहे म्हणे, तिकडे फिरायला जाऊ नकोस. तिथंही ते गवत असणारच.

तू का रुसलायस ते मला माहीत आहे. तुला वाटतं, मी डॉक्टरांच्या बाजूनं बोलले आणि तुला शेतावरून उठवलं. बावन्न वर्षं ज्या मातीत काढली तिथून उठून एका खोलीत, खिडकी लावून बसायचं, हे काय असतं ते मी समजू शकत नाही, एवढं मला कळतं. पण तुझा राग चुकीच्या गोष्टीवर आहे, दादा. खरी गोष्ट तुला माहीतच नाही. सुरुवातीपासून लिहिते, म्हणजे शेवटापर्यंत पोचेन.

दोन वर्षांपूर्वी तुझा चेहरा काळवंडायला लागला, तेव्हा गावानं उन्हावर ढकललं. तू कडुलिंबाचा पाला लावलास, टाकव्याच्या दुकानातलं मलम लावलंस. मग पापण्या सुजल्या, कपाळाला घड्या पडल्या, कोपरांतून लस यायला लागली. तेव्हा मी तुला आमच्या दवाखान्यात आणलं. फुशारकीनं आणलं, खरं सांगते. कातडीच्या रोगांवर संशोधन चालतं तिथं मी काम करते, पेशंटच्या फायली माझ्या हाताखालून जातात, मग माझा भाऊ असा का राहील?

गंगाधर सरांनी तुझ्या पाठीवर पट्ट्या चिकटवल्या, प्रत्येक पट्टीखाली एकेका गोष्टीचा अंश. दोन दिवस अंघोळ नाही म्हटल्यावर तू केवढा वैतागलास. पट्ट्या काढल्या, तेव्हा बाकी सगळीकडे कातडी साफ आणि एकाच ठिकाणी लाल, फोडांनी भरलेला गोल. गाजरगवत. रस्त्याच्या मुरमाबरोबर ट्रकमधून गावात आलेलं. सर म्हणाले, या गवतापासून लांब राहायचं. तू हसून म्हणालास, "डाक्टर, गवतालाच सांगा की माज्यापासनं लांब राहायला." सरसुद्धा हसले.

मग तो अभ्यास सुरू झाला. साठ पेशंट. निम्म्यांना औषधाची गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी, मलम सगळ्यांना. कुणाला काय मिळालं ते सरांनाही माहीत नाही, मलाही नाही; डबीवर नुसता नंबर. दर रविवारी गोळी, चोवीस आठवडे. हे सगळं तुला वाचून दाखवलं होतं, पण डोळे सुजल्यामुळं तू मान खाली घालून बसला होतास आणि म्हणालास, "तू हायेस ना तितं? मग कागद कशाला वाचतीस?" नात्यातल्या माणसाला मी कागद वाचून दाखवायचा नाही, असा नियम होता. वाचणारा म्हणून माझ्याबरोबर काम करणाऱ्या विहंगची सही घेतली आणि वाचलं मीच.

दर रविवारी संध्याकाळी मी तुला फोन करायचे. खाज किती, शून्य ते दहात सांग. आठवतं ना? सुरुवातीला तू सहा म्हणायचास. मे महिन्याच्या शेवटी आठ. जूनमध्ये पाऊस लागला, गवत बांधावर कमरेएवढं झालं, आणि तू म्हणालास, "धा." पुढच्या रविवारी पुन्हा धा. "ही गोळी लागू पडंना गं." मी म्हणाले, थोडा दम धर.

त्या कागदात एक कलम होतं. लागोपाठ तीन रविवार आठ किंवा त्याहून जास्त आकडा आला, तर सर पेशंटला अभ्यासातून बाहेर काढणार आणि लगेच दुसरं, माहितीतलं औषध सुरू करणार. शिवाय पेशंटला वाटेल तेव्हा स्वतःहूनही सोडता येणार होतं. हे मी पहिल्या दिवशी वाचलं. नंतर एकदाही तुला त्याची आठवण करून दिली नाही.

आता लिहितेच. तू दहा म्हणालास, मी सात लिहिलं. एकदा नाही, सहा रविवार.

त्याआधी दोन पेशंट मधेच सोडून गेले होते, त्यांच्या जागी नवे मिळवताना सरांची दमछाक झाली होती. आणि सर सगळ्यांसमोर म्हणायचे, सारिकाचे पेशंट सोडून जात नाहीत. ते मला फार गोड लागायचं. पण एवढंच नव्हतं. मला मनापासून वाटायचं की तुझ्या डबीत औषधच आहे. पुढच्या रविवारी ते लागू पडेल, आणि आज तुला बाहेर काढलं तर गुण येता येता हुकेल. रक्ताच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी जराही उतरत नव्हत्या. या औषधानं त्या थोड्या उतरतात. मला ते दिसत होतं. मी पान उलटून टाकलं.

जुलैत लावणीच्या आठवड्यात तुझं सगळं अंग लाल झालं, ताप चढला, कातडीची सालपटं निघायला लागली. वहिनी एकटी चिखलात आणि तू सतरा दिवस दवाखान्यात खाटेवर. तुला चादरीचा स्पर्शही सोसत नव्हता. घरी सोडताना सर म्हणाले, आता शेताकडे जायचं नाही, आणि मी मान डोलावली. तुला दिसली ती तेवढी मान.

ऑक्टोबरमध्ये नंबर उघडले. तुझा एकेचाळीस. तुझ्या डबीत औषध नव्हतं, दादा. एकाही रविवारी नव्हतं. ज्यांना मिळालं त्या तीस जणांतले बावीस बरे झाले.

दवाखान्यातून सगळ्यांना छापील पत्र जाणार आहे. त्यात पोकळ गोळीचं असेल, साताचं नसेल. ते तुझ्या हातात पडायच्या आधी माझं पत्र पडावं. सर म्हणतात, रक्त तपासून तुला आता खरं औषध देता येईल. गवतापासून लांब राहणं सुटणार नाही, पण चेहऱ्याची सूज उतरेल, झोप येईल. घेशील ना?

माफ कर असं लिहिणार होते. लिहून खोडलं. तेवढं मागायचा धीर नाही.

तुझी,
सारिका

*

देहूरोड, ता. २६

चि. सारिकास,

नथूचा आशीर्वाद. तुजं पत्र पावलं. तीनदा वाचलं. सत्यमला काय सांगितलं न्हाई, तू बी सांगू नको. तो तुज्यावर धावून यील.

धा म्हंजे धाच हुतं. येका रविवारी अकरा म्हनायचं मनात आलतं, पन तू म्हनली हुतीस धाच्या वर जायाचं न्हाई.

पोकळ गोळीचं मला कायबी वाटत न्हाई. चिठ्ठीत निघालं ते निघालं. कुनाच्या तरी डबीत ती जायाचीच हुती. पन आकडा मी तुला सांगत हुतो. आपल्या मान्साला सांगतोय म्हनून खरा सांगत हुतो. डाक्टरनी इचारलं असतं तर लाजंखातर पाच म्हनलो असतो. हे लागलं.

हितं करमत न्हाई. दिस उगवला की खाचरात पानी किती असंल तेच डोळ्यापुढं येतं. तुजी वहिनी फोनवर समदं बरं हाय म्हनती. ती बी तुज्यासारकंच कमी करून सांगत आसंल.

येक इचारायचं हाय. लोनावळ्याची शालूबाई तपासणीला माज्या शेजारी बाकावर बसायची. तुंगार्लीला बंगल्यांच्या बागंतलं गवत उपटती. तिचे डोळे माज्यावानीच सुजायचे. मला म्हनायची, भाऊ, आपल्याला येकच गोळी असंल, आपुन संगंच बरं हुऊ. तिच्या डबीत काय हुतं? तिचा बी आकडा कमी लिवलास का? जा आन तिला तोंडानं सांग. छापील कागद तिला वाचता येत न्हाई.

नव्या गोळीचं लिवलंस. कोनती खरी आन कोनती पोकळ ते जिभंवर ठिवून मला कळनार हाय का? इतक्यात मला कायबी इचारू नको.

नथू

*

तळेगाव दाभाडे,
रविवार, ८ डिसेंबर २०२४

प्रिय दादास,

पत्र मिळालं. त्याच दिवशी सरांच्या खोलीत गेले आणि साताचं सगळं सांगितलं. ते रागावतील म्हणून मन घट्ट करून गेले होते. ते रागावले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवत म्हणाले, "ते सहा आठवडे मला वाटत होतं नथूभाऊंना सोसतंय." मग त्यांनी अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीला कळवलं. तुझा नंबर हिशेबातून निघाला, आता एकोणसाठच पेशंट. मला पेशंटशी बोलायची परवानगी नाही, फायलींना हात लावायचा नाही. चौकशी होईपर्यंत घरी बसायचं आहे. हे योग्यच झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

शालूबाईकडे मात्र गेले. सरांना विचारून गेले, ते म्हणाले, जा, पण विहंगला सोबत ने.

तिचे आकडे मी कमी केले नव्हते, दादा. करायची वेळच आली नाही. ती आठ म्हणाली, मग सहा, मग चार, शेवटी दोन. विहंगनं यादीत बघितलं तर तिचीही गोळी पोकळ होती. मला वाटलं, चला, हिला सांगणं सोपं आहे, हिचं काही बिघडलेलं नाही.

बंगल्याच्या मागं तिची खोली आहे. आम्हाला बघून केवढी हरखली. चेहरा स्वच्छ होता, पापण्यांना सूज अजिबात नाही. गोळ्या संपून चार महिने झाले तरी. देव्हाऱ्यात गणपतीशेजारी रिकामी डबी ठेवलेली. "ताई, तुमच्या गोळीनं मला मान्सांत आणलं," म्हणाली. चहा टाकला. तुझी चौकशी केली, "भाऊ बी बरे झाले आसतील न्हवं?"

दादा, त्या क्षणी वाटलं, चहा प्यावा आणि उठावं. विहंगनं माझ्याकडे बघून बारीक मान हलवली, राहू दे म्हणून. पण तू तोंडानं सांग म्हणाला होतास. आणि एकदा मी माझ्या मनानं ठरवलं होतं कुणाला काय कळावं ते.

सांगितलं.

ती हसली आधी. तिला वाटलं मी गंमत करतेय. मग म्हणाली, "मग म्या कशानं बरी झाले?"

मला माहीत नाही. सरांनाही नेमकं माहीत नाही. मलमानं असेल, किंवा त्या बंगल्यात यंदा गवतावर औषध मारलं त्यानं. पोकळ गोळी घेऊनही काही माणसं बरी होतात, त्यांचीही मोजणी अभ्यासात असते. पण कशानं, ते त्या तक्त्यात लिहिलेलं नसतं. मी यातलं काहीतरी पुटपुटले. ती ऐकत नव्हती. तिचा हात मानेवर गेला होता.

"खाजतंय का?" मी विचारलं.

"न्हाई. बगतीय," ती म्हणाली. आम्ही निघालो तरी हात तिथंच होता.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला. पापण्या सुजल्या आहेत, कोपरांना पुरळ आलंय. सर म्हणतात, गवत कुठेतरी लागलं असेल, सांगण्यानं असं होत नाही. होत असेल की नाही ते मला कुणी सांगू शकत नाही. मी सांगितलं नसतं तर काय झालं असतं, तेही नाही. खरं लपवून तुझं अंग सोललं गेलं, खरं सांगून तिचं. मधली काही वाट असेल, तर ती मला दिसली नाही.

काल तिला दवाखान्यात बोलावलं. मी आत जायचं नाही, म्हणून बाहेरच्या बाकावर तिच्याजवळ बसले. सरांनी रक्त तपासून औषध लिहून दिलं, दुकानात मिळतं तसलं, नाव छापलेलं. पहिली गोळी तळहातावर घेऊन ती बाहेर आली. डोळे जवळजवळ मिटलेले. मला म्हणाली, "ताई, ही तरी खरी हाय ना?"

मी म्हटलं, हो, खरी आहे.

ती थांबली. मग म्हणाली, "आन नसंल, तर मला सांगू नका."

आणि पाण्याशिवायच गिळली.

तुझ्यासाठी लिहिलेली रक्ततपासणीची आणि औषधाची चिठ्ठी सरांकडे आहे. ती तिथंच राहील. तू म्हणालास तसं, मी तुला काही विचारत नाही.

तुझी,
सारिका