गौरी जाऊ देत, मग बघू

आई, तुझ्यासारख्याच आता माझ्याही अंगातून वाफा निघतात. ऐन थंडीत, ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलता बोलता मानेपासून कानशिलांपर्यंत सगळं पेटतं, आणि समोर बसलेली पोरं कुडकुडत एसीच्या रिमोटकडे बघत राहतात. घरी पंखा पाचवर, एसी वेगळा, आणि तुझा जावई स्वेटर घालून झोपतो. "आता काश्मीरला जायची गरज नाही," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. मी चिडले की मात्र गप्प बसतो, कारण राग हल्ली माझ्या नाकावरच असतो. परवा कुकरची शिट्टी सापडेना म्हणून मी सगळ्या घराला धारेवर धरलं, आणि शिट्टी कुकरलाच होती. तेव्हा तू आठवलीस. कल्याणजवळच्या मोहने गावातल्या कंपनी-कॉलनीतलं आपलं ते स्वयंपाकघर, तू पोळ्या लाटता लाटता एकदम लाटणं बाजूला आपटतेस, मोरीत जाऊन पंचा ओला करतेस आणि तो मानेवर टाकून पाटावर बसून राहतेस. कंपनीतून आलेले बाबा दारातूनच विचारतात, "आता काय झालं?" तू म्हणतेस, "काही नाही. जरा वारा लागू द्या मला." तवा तापून धूर यायला लागतो आणि शेवटी मीच उठून गॅस बंद करते.

माझ्याकडे निदान या सगळ्याला एक नाव आहे. वर्तकनगरच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समोर बसवून सांगितलं की हाडं सांभाळा, वजनं उचला, चाला, झोप पुरी करा, चहा कमी करा. चहा सोडून बाकीचं मी इमानेइतबारे करते. घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत क्लबहाउस नावाची एक खोली आहे, तिथे सकाळी आम्ही सगळ्या पन्नाशीच्या बायका छोटी छोटी डंबेल्स घेऊन उभ्या राहतो आणि उचलण्यापेक्षा बोलतोच जास्त. कुणाला झोप नाही, कुणाचे गुडघे, कुणाला उगाचच रडू येतं. सगळं मोठ्याने बोललं जातं, लिफ्टमध्येसुद्धा. तुझ्याकडे फक्त कोकमाचं सरबत आणि भिजवलेला सब्जा होता, आणि बोलायला कुणी नव्हतं. मी होते खरं तर, पण मी कॉलेजात जात होते आणि तू मला लहान समजत होतीस.

तुझी पाळी बंद झाली तेव्हाचा तुझा आनंद मला लख्ख आठवतो. आपल्या दोन खोल्यांत बाजूला बसायचं म्हणजे खिडकीखालच्या सतरंजीवर, आणि गौरींचं आणि तुझ्या तारखेचं काहीतरी वाकडंच होतं. ऐन पूजेच्या दिवशी तू सतरंजीवर आणि ओट्याशी शेजारच्या काकू. त्या घाटल्यात गूळ हात राखून घालायच्या आणि तू तिथूनच पुटपुटायचीस, "माहेरवाशिणी आल्यात, आजारी माणसं नाहीत." घावन तर त्यांचं हमखास तुटायचं. मग कधीतरी वर्ष उलटलं आणि एका साध्याशा रविवारी तू काही कारण नसताना केळं घालून शिरा केलास. मी विचारलं, आज काय आहे? म्हणालीस, "सुटले बाई एकदाची." त्यानंतर कॉलनीत तुझा भाव वधारला. कुणाच्या घरी सून बाजूला बसली, सत्यनारायणाचा प्रसाद अडला, लोणच्याच्या फोडींना हात लावायला कुणी नाही, की तुला बोलावणं. तू पदर खोचून निघायचीस तेव्हा तुझी चालसुद्धा बदललेली असायची. त्या वर्षी गौरींचं घावन-घाटलं पहिल्यांदा सगळं तुझ्या हातचं झालं. तव्यावरून एक एक घावन अख्खं सुटत होतं आणि तू शेजारच्या काकूंना मुद्दाम दाखवायला बोलावलं होतंस.

आणि गंमत बघ, तुझी नोकरी होती कल्याणच्या सरकारी दवाखान्यात, केसपेपरच्या खिडकीत. सुट्टीत मी तुझा डबा घेऊन यायचे तेव्हा तुला खिडकीतून बायकांना झापताना ऐकलंय मी. "कधीपासून होतंय? दिवाळीपासून? अगं, मग आत्तापर्यंत काय झोपा काढत होतीस? घर काय पळून जातंय?" बाई खाली मान घालायची, तू कागद तिच्याकडे सरकवायचीस आणि आवाज खाली आणून सांगायचीस, "आत जा. घाबरू नकोस. डॉक्टरांना सगळं सांग, लपवू नकोस काही." केवढा अभिमान वाटायचा मला तुझा. आज म्हणावंसं वाटतं, लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

कारण पुढच्याच श्रावणात माझ्या कपाटातला पॅडचा पुडा भराभर संपायला लागला. मला वाटलं माझाच काहीतरी घोळ होतोय. एका दुपारी कॉलेजातून लवकर आले तर तू मोरीत परकर चोळत बसलेली, आणि पाणी लाल. मी म्हटलं, "तुझं तर बंद झालंय ना?" तू मान वर केली नाहीस. "थोडंसंच आहे गं. उष्णतेनं होतं असं. ही काही पाळी नव्हे." मी म्हटलं, मग दवाखान्यात दाखव, रोज तिथंच तर असतेस. "गौरी जाऊ देत, मग बघू. आत्ता बोभाटा केलास तर मला परत त्या सतरंजीवर बसवतील सगळे. बाबांना बोलायचं नाही. माझी शपथ आहे तुला." गौरी गेल्या. मग नवरात्र आलं, मग दिवाळीचा फराळ, मग मार्गशीर्षातले गुरुवार. आपल्या कॅलेंडरात देवांना तोटा नाही. बाबांना तू ताकास तूर लागू दिला नाहीस, आणि संक्रांतीच्या सुमाराला खिडकीतच चक्कर येऊन पडलीस तेव्हा तुझ्याच दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तुला मुंबईला पाठवलं. तिथे सांगितलं, उशीर झाला. पुढच्या गौरी तू पाहिल्या नाहीस.

लोकांना सांगितलं गेलं की अशक्तपणानं गेली. बायकांच्या जागेचा कॅन्सर म्हणायला बाबांची जीभ वळत नव्हती. आणि तू महिनोन् महिने लपवलंस हे तर त्यांनाही कधी कळलं नाही. शपथ मोडली की जिची घातली ती मरते असं मला खरंच वाटायचं, आणि तू मेल्यावरही मी ती पाळत राहिले. काय म्हणावं या अकलेला.

यंदा माझी बंद होऊन वर्षावर काही महिने झाले होते आणि श्रावणात पुन्हा अंगावरून जायला लागलं. थोडंसंच. आणि आई, शपथेवर सांगते, माझ्या मनात पहिलं वाक्य आलं ते तुझंच. गौरी जाऊ देत. मी ते स्वतःच्या डोक्यात स्पष्ट ऐकलं आणि आंघोळीच्या स्टुलावर तशीच बसून राहिले. मग बाहेर आले आणि लेकीला म्हटलं, गाडी काढ. ती घरूनच काम करते, कानाला हेडफोन लावूनच उठली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणाला गर्भाशयाचं काही होतं का? माझ्या आधी लेकच बोलली, "नाही मॅडम, आजी अशक्तपणाने गेली." तिने तुला पाहिलंही नाही. तिला जे सांगितलं तेच ती सांगत होती. मी म्हटलं, "नाही. तिला गर्भाशयाचा कॅन्सर होता. बंद झाल्यावर परत जायला लागलं आणि तिने लपवून ठेवलं. मला माहीत होतं." बाईंनी शांतपणे लिहून घेतलं. त्या म्हणाल्या, वर्षभर बंद राहून पुन्हा गेलं तर एक दिवससुद्धा थांबायचं नाही, बहुतेक वेळा साधंच निघतं, पण बघितल्याशिवाय ते कळत नाही. येताना घोडबंदर रोडवर नेहमीसारखं सगळं अडकलेलं. लेक स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होती. "मम्मी, तू हे एवढी वर्षं कुणालाच नाही बोललीस? पप्पांना पण नाही?" मी म्हटलं, शपथ होती. ती म्हणाली, "यार, काय बायका आहात तुम्ही दोघी." आणि मग पुढची गाडी सरकेपर्यंत रडली. मीही रडले. मोडली मी तुझी शपथ, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

गौरींच्या तोंडावरच दुर्बिणीतून तपासलं, छोटीशी गाठ होती ती काढली आणि तपासायला पाठवली. संध्याकाळी घरी. काल रिपोर्ट आला, साधी गाठ, काही नाही. घरात पेढे आले, आणि मला आधी आनंद झालाच नाही, आधी तुझा राग आला. एवढंसंच काम होतं गं. तुझंही असंच साधं निघालं असतं असं मी म्हणत नाही, पण वेळेत कळलं तरी असतं. सतरंजीवर बसावं लागेल म्हणून कुणी जीव देतं का? राग गेल्यावर तुझी इतकी आठवण आली की मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले.

हे लिहून मी ठेवून देणार आहे, कारण तुला कळवण्यासारखं एवढंच होतं. फक्त एक राहिलं. रिपोर्ट यायच्या आधी गौरी जेवल्या, आणि तपासणीनंतरचं माझं थोडं थोडं जातच होतं. मी सगळ्यांसमोर सांगितलं की मला अंगावरून जातंय आणि घावन-घाटलं मीच करणार. तुझ्या जावयाने नारळ फोडून माझ्यापुढे ठेवला. मी असलं काही मानत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण नैवेद्याचं ताट पुढे ठेवताना माझे हात कापले. लेकीने विचारलं तर म्हटलं, वाफ लागली. त्या शेवटच्या वर्षी तुझेही कापले असतील का गं? मी तुझ्या शेजारीच नारळ खवत बसले होते, आणि मी पाहिलंच नाही.