देवराईत सोडलेली पाडी

२ डिसेंबर १९३१, तळा
देवराईतल्या रोगाच्या पाहणीचा तिसरा दिवस. दोन सांबरं मेलेली, तिसरं आज भेटलं, जिवंत. ओढ्यात पाय ठेवून उभं. डोळ्यांतून धारा, तोंडात फोड. गुरांना होते ती बुळकांडीच. दहा पावलांवर गेलो तरी हललं नाही. वर धुकं, खाली पाणी, मधे आम्ही दोघं. कितीतरी वेळ. मी गुरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात शिकवतो हेसुद्धा विसरलो.

४ डिसें.
माणगावला तळ टाकलेल्या जंगल खात्याच्या साहेबांचा हुकूम. देवराईतली सगळी सांबरं मारायची, म्हणजे गावची गुरं वाचतील. बुधवारी बंदूकवाले येणार. माझ्याच पहिल्या पत्रावरून हे. 'रोग रानातून आला' असं मीच लिहिलं. दहा वर्षं पोरांनाही हेच शिकवतोय.

५ डिसें.
दूध घालणारी रखमाबाई बोलता बोलता म्हणाली, "आमची मंगळी पाडी लई गुनाची व्हती. दिवाळीनंतर हळद लावून देवीला सोडली राईत. गावचं दुखनं घेऊन जाते ना."
म्हणजे गुरं आधीच आजारी होती?
"व्हय. तुमाला कोन सांगनार? गुरं नेली असती तुमी."
आधी पाडी, मग सांबरं. सगळं उलटं! लाज वाटली, फार. दुपारी पडलो तर ओढ्यावर सांबरांचा कळप, मधे पिवळीधमक पाडी, सगळी संथपणे पाणी पिताहेत. झोप लागली होती की नव्हती, कळेना. रोग गावातल्या एका पाडीनं रानात नेला, सांबरं मारू नका, अशी साहेबांना चिठ्ठी धाडली; रखमाबाईचं नाव घातलं नाही.

७ डिसें.
उत्तर आलं. हुकूम थांबवतो, पण पाडी कोणाची ते नावानिशी लिहा. नाव दिलं की रोग लपवल्याचा खटला. न दिलं तर परवा बंदुका.

८ डिसें.
रखमाबाईला सगळं सांगितलं. खटल्याचं तिनं विचारलंच नाही.
"म्हंजे देवीची जनावरं माज्या मंगळीनं मारली?"
नाही म्हणणार होतो. जमलं नाही. मांडीवरची दुधाची चरवी तिनं खाली ठेवली. मग उठली.
"लिवा माजं नाव. उरलीत ती तरी ऱ्हाऊ देत."
लिहिलं. शाई वाळली. साहेबांचा माणूस दारात उभा आहे, ऊन उतरायच्या आत माणगाव गाठायचं म्हणतो. पत्र अजून माझ्याच हातात.