नळी लावलेली माणसं घरी येतात

बाबा, मागच्या आठवड्यात आमच्या वॉर्डातून एक पोरगी बरी होऊन घरी गेली आणि जाता जाता तिचा आजोबा तुमची चौकशी करून गेला. म्हणून हे लिहायला बसले. नाहीतर तुम्हाला काही लिहावं असं इतक्या वर्षांत कधी वाटलं नाही, उगाच खोटं कशाला बोलू. तुम्ही गेलात त्या दिवशी मी रडले नव्हते. आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "दगड हाय पोरगी, दगड." दगड नव्हते, पण आत काहीतरी बधिर झालं ते आजवर तसंच आहे. नोकरीत त्याचा उपयोगच होतो. लोक म्हणतात, सिस्टर किती शांत असतात. शांत कसली डोंबलाची!

बुलढाण्याला असते मी आता, लहान लेकरांच्या वॉर्डात. थंडी पडली की खाटा भरतात. छातीत कफ भरलेली, धाप लागलेली लेकरं. बाया सांगतात डबा झाला, आम्ही लिहितो न्यूमोनिया. लेकरू श्वास घेतं तेव्हा बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात आणि दर श्वासाला ते कण्हतं. नर्सिंगला जाताना तुम्ही सेकंदकाट्याचं घड्याळ घेऊन दिलं होतं, तेच हातात धरून मी श्वास मोजते. नुसत्या ऑक्सिजननं भागलं नाही तर नाकात दोन आखूड नळ्या बसवायच्या आणि लेकराच्या टोपीला बांधायच्या. एका बाजूनं हवा येते, दुसऱ्या बाजूची नळी पाण्याच्या बाटलीत बुडवलेली असते. त्या पाण्याच्या दाबानं फुप्फुसं दर वेळी मिटून जात नाहीत, लेकराचे कष्ट वाचतात. बाटलीत बुडबुडे येत राहिले म्हणजे ठीक. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला तुमचं पंक्चर बघायचं घमेलं आठवलं. तुमच्याकडं बुडबुडा दिसला म्हणजे ट्यूब फाटकी. इथं बुडबुडा थांबला म्हणजे कुठंतरी हवा गळते. मी ट्यूब भरभर फिरवायचे तर तुम्ही हातावर चापट मारायचे. "काऊन वं एवढी घाई? पाहू तं दे." आता शिकाऊ पोरी नळी बसवताना घाई करतात तेव्हा तेच माझ्या तोंडून निघतं, चापट सोडून.

तुमचं दुकान दुसरबीड फाट्यावर, बाभळीखाली. मेहकरकडून जालन्याकडं जाणारी-येणारी सगळी वाहनं तुमच्यासमोरून जायची. त्यातच मोठ्या शहरातल्या दवाखान्यांनी घरी न्या म्हणून सांगितलेली माणसं. डॉक्टरांनी हात टेकले की नातेवाईक माणसाला ऑक्सिजन लावूनच गाडीत घालायचे, जीव आपल्या घरात जावा म्हणून. घरी उतरवायचं, सगळे जमले की तोंडात पाणी घालायचं आणि मग नळी काढायची. अशी गाडी पंक्चर झाली की तुम्ही हातातलं काम टाकून तिचं चाक आधी घ्यायचे. चाक चढवून झालं की काचेतून आत एकदा पाहायचे. नळी लावलेली जेवढी माणसं तुम्ही पाहिली, ती सगळी मरायलाच निघालेली होती. जी बरी झाली त्यांची नळी दवाखान्यातच निघालेली. ती तुमच्यापाशी उतरून चहा प्यायची आणि तुम्हाला कळायचंही नाही. हे मला आता उमगतं. तेव्हा कुठं उमगलं?

तुमची छाती भरली तेव्हा मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. तोंडाला मास्क लावला होता, त्यानं तुमचा रंग परत येत होता, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि तुम्ही तो ओढून काढता. मी लावते, तुम्ही काढता. मी परत लावते, तुम्ही माझा हात झिडकारता. "मी मेलो नाही अजून," म्हणता. "हे लावलं का माणूस धड घरी येत नाही. मले घरी ने." काकांनी तुमचं ऐकलं. मी किती सांगितलं, पण दुसऱ्या वर्षाच्या पोरीचं कोण ऐकतं! बिनामास्कचं घरी आणलं तुम्हाला आणि दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला गेलात. मला तुमचा राग आला होता. अजून आहे. आत काही जागं राहिलं असेल तर तेवढंच.

तर ही पोरगी. सुलतानपूरची, अजून बसायला लागलेली नाही एवढीशी. बाप कामाला बाहेरगावी, म्हणून आई आणि आजोबा घेऊन आले. आजोबा कापूस पिंजतात, गाद्या भरतात. दाढीत कापसाचे तंतू तसेच अडकलेले. पोरीचे ओठ निळसर, कण्हणं दारापर्यंत ऐकू येत होतं. डॉक्टरांनी नळीचं सांगितलं आणि म्हातारा उठलाच. "नको साहेब, नळी नको. हमने देखे है नळीवाले. पोरीले घरी जाऊ द्या." डॉक्टर बिचारे सांगून सांगून थकले. पोरीची आई सासऱ्यापुढं बोलेना, नुसती पोरीचे तळवे चोळत बसली. म्हाताऱ्यानं पोरीला शालीत गुंडाळायला घेतलं. तशा अवस्थेत ती मेहकरपर्यंतही पोचली नसती.

मी जवळ गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं, "चाचा, माह्या बापाले हीच नळी लावली होती." त्याचे हात थांबले. मी म्हटलं, "सगळे म्हणत होते घरी न्या. मी नेऊ देलं नाही. छाती मोकळी झाली, नळी काढली, आपल्या पायानं चालत घरी गेले. आता पंक्चरच्या दुकानावर बसतात."

"कुठं?"

झालं! दुसरं नावच सुचलं नाही. "दुसरबीड फाट्यावर," म्हणाले. सुलतानपूरच्या माणसाला दुसरबीड सांगायचं, एकाच रस्त्यावरची गावं, म्हणजे अक्कल गहाण टाकल्यासारखंच. शालीचं टोक त्यानं हातातच धरून ठेवलं.

"अजून बसतेत दुकानावर?"

"हो तर. कोणाचं ऐकतात का?"

हे बोलताना मला जरासुद्धा जड गेलं नाही, बाबा. ना लाज, ना गहिवर. म्हाताऱ्यानं शाल सोडली. "लगाओ फिर," म्हणाला.

नळी लावली म्हणून धाप काही लगेच उतरत नाही. आधी पोरगी रडली, हातपाय झाडले, नळी सुटली, बाटलीतलं पाणी गप्प झालं. टोपी घट्ट केली, तोंड हलकेच मिटून धरलं, परत बुडबुडे. तिच्या आईला शिकवलं, बुडबुडे थांबले की मला हाक मारायची. संध्याकाळपर्यंत बरगड्या जरा कमी ओढत होत्या, पण नळीवाचून तिचं भागलं नसतं. दुसऱ्या दिवशी म्हातारा कपडे आणायला गावी गेला आणि माझं लक्ष दाराकडं लागलं. याला कोणी दुसरबीडचं भेटलं, यानं तुमचं विचारलं, तर हा येईल आणि पहिली नळी उपटेल. परतला तो तोंड पाडूनच. सरळ खाटेपाशी गेला, नळीकडं हात नेला. मी सलाईन बदलायचं सोडून जागच्या जागी उभी. हात तिथंच अडला. मग त्यानं पोरीच्या पायांवरची चादर नीट केली आणि खाली टेकला. मला वाटलं, सुटले, याला काही कळलेलं नाही.

पुढं नळी निघाली, नुसता ऑक्सिजन राहिला, मग तोही निघाला. पोरगी अंगावर पिऊ लागली. घरी जायच्या दिवशी आई तिला घेऊन गाडीकडं गेली आणि म्हातारा माझ्या टेबलापाशी आला.

"बाई, तुमचे अब्बा तं कधीचेच गुजरले ना?"

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"फाट्यावर माह्या साडूचं घर हाय. त्यानं सांगितलं. नळी काढून टाकली म्हणे त्यायनं."

"हो," म्हटलं. मग विचारलं, "तुम्ही काऊन नाही काढली, चाचा?"

"काढायलेच आलो होतो. लई राग आलता तुमचा. पण पोरगी झोपली होती, बाई. कण्हत नव्हती."

दारापर्यंत जाऊन परत वळला. "ते असते तं मी थांबलो असतो फाट्यावर. चहा घेतला असता त्यायच्यासंगं."

तो गेल्यावर मी पोरीची टोपी धुवायला टाकली आणि बाटलीतलं पाणी ओतून दिलं. वाटलं होतं, आता तरी रडू येईल. आलं नाही. तुम्ही पाहिलेल्या त्या गाड्यांचा मात्र दिवसभर विचार येत राहिला. एका जरी गाडीतल्या माणसानं तुम्हाला सांगितलं असतं की मला नळी लावली होती आणि बघा, मी चाललो घरी, तर तुम्ही तो मास्क राहू दिला असता. मला तसं वाटतं. नक्की कोण सांगणार.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? राहील माझ्या ड्युटीच्या पिशवीत. पण एक सांगून टाकते. आज दुपारी देऊळगावराजाकडचं एक लेकरू आलं, तसंच कण्हणारं, आणि त्याची आजी नळीला हात लावू देईना. मी तुम्हाला परत जगवलं, बाबा. शब्दाला शब्द तेच सांगितलं. आजीनं विचारलं, आता तब्येत कशी हाय त्यायची? म्हटलं, ठणठणीत. तिनं नळी लावू दिली. फक्त या खेपेला तुमचं दुकान मी मलकापूरच्या रस्त्याला नेलं. तिकडं तुम्हाला कोणी ओळखत नाही.