कुरडयांचा दिवस मी सांगते

२ मे, सकाळी
आम्रपाली, लिही. नातीनं लिहायचं, मी सांगायचं.
आमच्या क्वार्टरच्या लाईनीतल्या चौघी आल्या. शेजारच्या गिरजाबाईच्या पोरीचं, भूमिकाचं, लगन सात जूनला. रुखवतात कुरडया पायजेत. दिवस कोण सांगणार? मीच. पस्तीस वर्षं सेक्टर सहामध्ये माह्या शब्दाबिगर गहू भिजला नाई. गहू तीन दिवस पाण्यात राहते, म्हणून चौथ्या दिवसाचं ऊन आजच ओळखा लागते. प्लांटच्या चिमणीचा धूर उतई गावाकडं झुकला का ऊन पक्कं. झुकला. भिजवा म्हटलं.

५ मे
पहाटे गच्चीवर पाच किलोच्या कुरडया घातल्या. नऊला आंधी. साडेनऊला गारा. कुरडयांची लापशी झाली.
आम्रपाली म्हणते, मोबाईल कालपासून सांगून राहिला होता. मग मले सांगायचं ना त्यानं.

९ मे
धूर बरोबर होता. चश्मा जुना आहे. नवा करायचा.
देवराव म्हणे, आई, मौसमच बदलला. फेब्रुवारीत कूलर, मे महिन्यात रेनकोट. मी म्हटलं, पोरा, तू प्लांटात लोखंड वितळव. आभाळ माह्याकडं राहू दे.

१५ मे
नव्या चश्म्यानं दिवस सांगितला होता. या टायमाले दोघींनीच गहू भिजवला. बाकीच्या म्हणे, पाहू मावशी. तीन दिवस ढग. गहू सडला. जिन्यात असा वास, का वरच्या मजल्यावरचा शेजारी पोस्टमनले विचारून राहिला, कोणाच्या घरी काय झालं.
थकली मी.

१७ मे
हुकूम दिला. नवतपा लागेपर्यंत कोणी गहू भिजवायचा नाई. नवतप्यात नऊ दिवस धरती तापते, चिमण्या पाण्यासाठी चोच उघडून बसतात. त्यात पाणी कधीच येत नाई. लगनाले येळ आहे.
गिरजाबाई बरं म्हणाली. लई लवकर म्हणाली.

२५ मे
नवतपा लागला. गहू भिजवला. मी एकटीनंच. बाकीच्यांले काम होतं म्हणे.

२८ मे, दुपारी
पाणी. नालीभर. नवतप्यात! देवरावनं कूलर बंद केला, मी चादर घेतली. काही लिहू नको.
बरं, लिही. चश्म्याचा नंबर चुकला.

३० मे
गिरजाबाई ताट घेऊन आली. तळलेल्या कुरडया, पांढऱ्याशुभ्र, फुलल्या अशा. कधी घातल्या? एकवीसले. कुठं? सेक्टर दोनमध्ये, बहिणीच्या गच्चीवर. चोरून. तुमाले वाईट वाटलं असतं मावशी, म्हणे.
मी विचारलं, दिवस कोणं सांगितला?
ती आम्रपालीकडं पाहून राहिली. आम्रपाली वहीत पाहून राहिली.
थांबली कावून? लिही ना. कुरडया चांगल्या झाल्या. अजून एक दे.